मैदानाच्या दोन बाजू



आमच्या वर्गात एक जुनं कॅलेंडर टांगलेलं आहे. तारखांची पानं केव्हाच फाटली, पण वरचं चित्र मुलांनी मला काढू दिलं नाही. चित्र आहे इटलीतल्या व्हेनिस शहराचं. रस्त्यांच्या जागी पाणी, पाण्यात होड्या आणि दोन्ही काठांवर टोकदार कमानींच्या इमारती. चौथीतल्या एका मुलानं एक दिवस ते चित्र बघत मला विचारलं, "सर, तुम्ही इटलीले गेलते का?"

"नाही रे बाबा. इटली कुठे अन् आपलं दर्यापूर कुठे!"

"मंग ते खरंच असं हाये, हे तुम्हाले कसं माईत?"

प्रश्न बिनतोड होता. मी खडू हातात घेऊन फळ्याकडे वळलो, दुसरं काय करणार?

मी आजही इटली पाहिलेली नाही. पण मुलांनो, मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मला एक गोष्ट कळली. मूर्तिजापूरला रात्री गाडीत बसलं, की सकाळी तोंड धुवायच्या वेळेला इटलीचा एक तुकडा समोर उभा राहतो! तो कसा, ते सांगतोच. पण त्याआधी आमच्या घराची गोष्ट सांगायला हवी. कारण त्या सहलीचं मूळ आमच्या घरात होतं.

आमचं घर धाब्याचं. तुमच्यापैकी वऱ्हाडातल्या मुलांना धाबं माहीत असेल. इतरांसाठी सांगतो. दोन हात जाड मातीच्या भिंती, त्यांवर सागवानी मयाली, मयालींवर आडव्या काड्या, त्यावर तुराट्या आणि कडुलिंबाचा पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. झालं छप्पर! उन्हाळ्याच्या रात्री त्याच छपरावर अंथरुणं टाकून चांदण्या मोजायच्या. मृगाच्या आधी दरवर्षी वर नवी माती टाकायची, दाबायची, पन्हाळी साफ करायच्या. नाही केलं, की पावसाळ्यात घरात पातेली मांडून बसायचं.

माझे वडील होते तोवर हे सारं वेळच्या वेळी व्हायचं. ते गेले आणि मी शाळा, जनगणना, निवडणुकीची कामं असल्या सबबी सांगत राहिलो. दोन वर्षं धाब्यावर माती पडली नाही. मग एका पावसाळ्यात, रात्री दोनच्या सुमारास, धप्पकन आवाज झाला. मागच्या खोलीच्या भिंतीचा कोपरा खाली आला होता. माझ्या मायच्या खाटेपासून चार हातांवर! माय खाटेवर उठून बसली होती. अंगावर मातीचा धुरळा. ती काहीच बोलली नाही, फक्त त्या भगदाडातून आत येणाऱ्या पावसाकडे बघत राहिली.

त्या रात्री मी ठरवलं, हे घर पाडायचं. सगळंच. पतसंस्थेचं कर्ज काढायचं आणि सिमेंटचं, स्लॅबचं पक्कं घर बांधायचं. पाचवीतल्या माझ्या लेकीला वेगळी खोली द्यायचं कबूलही करून टाकलं. ती तर नाचायलाच लागली. माय मात्र हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. विचारलं, की एकच उत्तर, "तुले जे कराचं ते कर." मुलांनो, मोठी माणसं असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल!

माझी बहीण डोंबिवलीला राहते. मी विचार केला, दिवाळीत मायला तिकडे घेऊन जावं. मुंबईतली पक्की घरं, उंच इमारती बघितल्या की तिचं मन वळेल. खरं सांगायचं तर सहलीमागे माझा हा डाव होता.

तर आम्ही तिघं, म्हणजे माय, लेक आणि मी, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. गर्दीबरोबर बाहेर पडायचं आणि लोकल पकडायची, असंच सगळे करतात. आम्ही मात्र स्टेशनमधून बाहेर आलो, जपून रस्ता ओलांडला, पलीकडच्या फुटपाथवर गेलो आणि मागे वळून बघितलं.

"बाप्पा!" माय म्हणाली. "हे टेसन हाये का राजवाडा?"

लेकीनं दुसरंच काही पाहिलं होतं. "बाबा, ह्या कमानी आपल्या शाळेतल्या कॅलेंडरवरच्या आहेत!"

पोरीनं बरोबर ओळखलं होतं. या इमारतीचा आराखडा केला फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या इंग्रज वास्तुशिल्पकारानं. बांधकाम १८७८ साली सुरू झालं आणि पुरी दहा वर्षं चाललं. मध्ययुगातल्या इटलीतल्या इमारतींचे नमुने त्यानं डोळ्यांसमोर ठेवले होते. टोकदार कमानी, बारीक खांब, रंगीत दगडांचे पट्टे ही तिकडची चाल. आतल्या सजावटीत तर खुद्द इटलीचा संगमरवरही आहे. पण सगळंच परदेशी नाही हं. त्याचे साहाय्यक अभियंता होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. भिंतींवरची पानं, फुलं, पशुपक्षी यांच्या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. २००४ साली युनेस्कोनं या स्टेशनला जागतिक वारसा म्हणून मान दिला.

मी लेकीला म्हटलं, "चल, आज एक खेळ खेळू. प्रत्येक इमारतीला तीन प्रश्न विचारायचे. तू कशाची आहेस? तू उभी कशी राहिलीस? आणि तुला असं का बांधलं?" तिनं लगेच वही काढली.

पहिल्याच प्रश्नापाशी आम्ही अडलो. कमान कशी उभी राहते? तिच्या दगडांना खालून कुणाचाच आधार नसतो, मग ते पडत का नाहीत? मी तिला समोर उभं केलं. दोघांनी हात वर करून तळव्याला तळवा लावला आणि एकमेकांच्या अंगावर रेललो. मी तिला पडू देईना, ती मला पडू देईना. "ही झाली कमान," मी म्हटलं. दगड एकमेकांना रेटतात आणि त्या रेट्यातच टिकून राहतात. गोल कमान भार बाजूला जास्त ढकलते, टोकदार कमान तोच भार खाली जास्त नेते. म्हणून तिच्यामुळे इमारत उंच नेता येते आणि खिडक्याही मोठ्या ठेवता येतात. आमची ही मानवी कमान बघायला चार माणसं थांबली. एक पोलीसदादा हसून म्हणाले, "मास्तर दिसताय!"

तिथून आम्ही दादाभाई नवरोजी रस्त्यानं चालत निघालो. या रस्त्याची गंमत अशी, की जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर पुढच्या बाजूला कमानींचे लांबच लांब व्हरांडे आहेत. एका इमारतीचा व्हरांडा संपला की दुसरीचा सुरू. ऊन असो, पाऊस असो, तुम्ही आपले सावलीतून चालत राहा. माय भिंतीवर तळवा टेकवत चालली होती. "गार हाये रे," ती म्हणाली. "आपल्या घरावानी." मी न ऐकल्यासारखं केलं.

पुढे फ्लोरा फाउंटन. १८६४ साली बांधलेलं हे कारंजं. फ्लोरा म्हणजे प्राचीन रोमन लोकांची फुलांची देवता. म्हणजे इटली पुन्हा भेटली! आणि तिच्या शेजारीच संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण देणाऱ्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. त्याच्यापुढे मायनं चपला काढल्या आणि हात जोडले. तिचं पाहून आम्हीही जोडले.

जवळच न्यू इंडिया ॲश्युरन्सची इमारत आहे. ती १९३६ सालची, मास्टर, साठे आणि भुता या भारतीय वास्तुशिल्पकारांच्या कंपनीनं उभारलेली. तिच्या दर्शनी भागावर उंचच उंच माणसं कोरली आहेत, आणि ती आपल्याकडची माणसं आहेत. शिल्पकार होते ना. ग. पानसारे. स्टेशनाच्या इमारतीपेक्षा ही किती वेगळी! कमान नाही, घुमट नाही. सरळ उभ्या रेघा, साध्या भिंती. "ही नवी आहे," लेकीनं वहीत लिहिलं. नव्वद वर्षांची नवी!

आणि मग आलं ओव्हल मैदान. मुलांनो, मला खरं तर तुम्हाला इथेच आणायचं होतं.

मैदान लांबट, अंड्याच्या आकाराचं. पोरं क्रिकेट खेळत होती. एकाच मैदानात किती सामने चालले होते, मोजताच येईना. पूर्वेच्या बाजूला बघा. तिथे उच्च न्यायालय, मुंबई विद्यापीठ आणि या सगळ्यांवर मान उंचावलेला राजाबाई टॉवर. टॉवर २८० फूट उंच. त्याचा आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केला. गंमत म्हणजे हे गृहस्थ मुंबईला कधी आलेच नाहीत. लंडनमध्ये बसून त्यांनी नकाशे पाठवले! ग्रंथालयाची धाटणी व्हेनिसची, तर शेजारच्या दीक्षान्त सभागृहाची फ्रान्सची. पण टॉवरवर २४ पुतळे आहेत, ते पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या समाजांच्या लोकांचे. ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. नकाशा परका, माणसं आपली.

"राजाबाई कोन व्हती?" मायनं विचारलं.

टॉवरला पैसे दिले प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं, आणि राजाबाई ही त्याची आई. सांगतात, की तिला दिसत नसे. सूर्य मावळण्याआधी जेवण उरकायचा तिचा नेम होता. घड्याळाचे टोले ऐकून तिला वेळ कळावी, म्हणून मुलानं हा टॉवर बांधवला. इतिहासात किती आणि गोष्टीत किती, कोण जाणे. पण टॉवरला आईचं नाव आहे, हे मात्र खरं.

हे ऐकताना माय माझ्याकडे बघत होती. मी टॉवरकडे बघत होतो.

"अन् त्याच्यापाशी एवढा पैसा कुठून आला?"

आता मुलांनो, या प्रश्नाचं उत्तर तर आपल्या काळ्या मातीतच आहे! १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. सगळ्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. भाव आभाळाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद कापसाच्याच व्यापारातला मोठा माणूस. वऱ्हाडचा कापूस तर इतका नावाजलेला, की लिव्हरपूलच्या बाजारात तो आपल्या अमरावतीच्या नावानं, 'उमरावती' म्हणून विकला जाई. १८६७ साली रेल्वे वऱ्हाडातून थेट नागपूरपर्यंत पोचली. त्या रेल्वे कंपनीचं मुख्य ठाणं म्हणजेच आम्ही सकाळी पाहिलेलं स्टेशन. पुढे विसाव्या शतकात कापूस वाहण्यासाठीच मूर्तिजापूर ते अचलपूर अशी अरुंद रुळांची छोटी रेल्वे झाली. तीच आपली शकुंतला. दर्यापूरचं तिचं स्टेशन बनोसा. ही गाडी आता धावत नाही, पण मायनं तिच्यातून खूप प्रवास केला आहे.

मायनं आयुष्याची चाळीस वर्षं कापूस वेचला. तिनं टॉवरकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "म्हंजे आपल्या कापसाचा पैसा बी हाये म्हना याच्यात."

"आहे तर!"

"मंग बसू थोडं. आपलंच हाये." आणि ती गवतावर ऐसपैस बसली.

आता मान पश्चिमेला वळवा. मैदानाच्या त्या बाजूला एका रांगेत उभ्या आहेत १९३० नंतरच्या इमारती. पूर्वी तिकडे समुद्र होता. १९२० च्या दशकात भराव घालून समुद्र मागे हटवला आणि त्या नव्या जमिनीवर ही घरं उठली. या शैलीला 'आर्ट डेको' म्हणतात. फिकट पिवळा, गुलाबी, हिरवा असे रंग. गोलाकार गॅलऱ्या, जहाजासारखे कठडे, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे. या छज्ज्यांमुळे दुपारचं ऊन आणि पावसाची झड आत येत नाही. इमारतींची नावंही मोठ्या, ऐटदार अक्षरांत. एकीचं नाव 'कोर्ट व्ह्यू', कारण समोर उच्च न्यायालय दिसतं! लेकीनं ती अक्षरं जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली. टोकाला १९३८ सालचं इरॉस चित्रपटगृह.

"ह्या गॅलऱ्यांना खाली खांब का नाहीत?" तिनं विचारलं.

माझ्या खिशात खडू असतोच. मी म्हटलं, "हा खडू दोन्ही टोकांनी दाब. तुटतो का? नाही. आता वाकव." खट्! दोन तुकडे. काँक्रीटही असंच असतं. दाबलं तर भक्कम, ताणलं की तुटतं. लोखंडी सळई ताण सहन करते. म्हणून काँक्रीटच्या पोटात सळया घातल्या, की छत आणि गॅलरी भिंतीच्या पुढे काढता येते, आणि खाली खांब लागत नाही. तुमच्याकडे स्लॅब टाकताना बघा, आधी सळयांची जाळी बांधतात ना, ती यासाठीच.

मी मायकडे वळून म्हटलं, "बघ, नवं बांधकाम किती मजबूत असतं! ही घरं ऐंशी-नव्वद वर्षांची आहेत." माझा डाव मी अजून सोडला नव्हता.

माय काही बोलली नाही. ती एकदा पूर्वेला बघे, एकदा पश्चिमेला. एका बाजूला दगडी, टोकदार, भरजरी. दुसऱ्या बाजूला गुळगुळीत, हसऱ्या, हलक्या. मध्ये हिरवं मैदान आणि खेळणारी पोरं. मग ती म्हणाली,

"सासू-सुना बसल्यावानी दिसते रे. समोरासमोर. एकीनं दुसरीले हाकललं नाही. मधात आंगन हाये, म्हून भांडन नाही."

मुलांनो, २०१८ साली युनेस्कोनं या मैदानाभोवतीच्या आणि जवळपासच्या ९४ इमारतींना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दोन्ही बाजूंना मिळून, बरं का! जुन्या बाजूला वेगळा आणि नव्या बाजूला वेगळा असा मान नाही. शहर कसं वाढत गेलं, हे दोन्ही बाजू मिळूनच सांगतात. मी हे वर्तमानपत्रात वाचलं होतं. पण त्याचा अर्थ मला कळला तो मायच्या वाक्यातून.

संध्याकाळी आम्ही मरीन ड्राइव्हला गेलो. समुद्र पाहिला, भेळ खाल्ली. परतीच्या लोकलमध्ये मायनं पहिल्यांदाच स्वतःहून घराचा विषय काढला. "मागचं पाडून टाक," ती म्हणाली. "ते मेलं हाये, मले बी समजते. पन ओसरी अन् समोरचे दोन खन ठेव. तुह्या बापानं त्या मयाली अचलपूरहून बैलगाडीनं आनल्या व्हत्या."

मला ते माहीतच नव्हतं. चाळीस वर्षांखाली त्या मयालींखाली मी पाढे पाठ केले, आणि त्या आल्या कुठून, हे कधी विचारलं नव्हतं! इमारतीला तीन प्रश्न विचारायला लेकीला शिकवलं, पण स्वतःच्या घराला मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

घरी आल्यावर मी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी भिंती ठोकून बघितल्या, मयालींत खिळा टोचून बघितला. मागच्या खोल्यांची लाकडं वाळवीनं पोखरली होती, तिथे काही करण्यासारखं नव्हतं. पुढचा भाग मात्र ठणठणीत होता. तेव्हा ठरलं. मागे छोटं स्लॅबचं घर, पुढे जुनी ओसरी आणि दोन खण, मध्ये अंगण. मिस्त्री पाया खणताना म्हणाले, "सर, पाया खोल घ्या. ही काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. भिंतींना तडे जाते." नव्या घरालाही जुन्या मातीचं ऐकावंच लागतं!

पण जागा कमी झाली, आणि लेकीची वेगळी खोली गेली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिला दोष देत नाही. कबूल केलेली गोष्ट मोडली की कुणालाही वाईट वाटणारच. तिसऱ्या दिवशी तीच आजीजवळ गेली आणि समोरच्या खणात दोघींची वाटणी झाली. एका खिडकीपाशी आजीची खाट, दुसरीपाशी हिची वह्या-पुस्तकं.

नवं घर वैशाखाच्या आधी पुरं झालं. आमच्याकडचा मे महिना कसा असतो, ते तुम्हाला सांगायला नको. मी शाळेतला तापमापक आणून दुपारी दोन वाजता आधी स्लॅबच्या खोलीत टांगला, मग धाब्याखाली. फरक पाच अंशांचा! जाड मातीची भिंत ऊन आत यायला वेळ लावते, स्लॅब लवकर तापतो. त्या महिन्यात दुपारी आम्ही सगळे समोरच्या घरात. पण ऑगस्टमध्ये झडी लागली, तेव्हा धाब्याला एका ठिकाणी गळती लागून लेकीची भूगोलाची वही भिजली, आणि सगळे पळालो मागच्या घरात! दोघी आपापल्या जागी खऱ्या. या वर्षी मृगाच्या आधी धाब्यावर माती मीच टाकली होती, पण वडिलांसारखी दाबता आली नाही. पुढच्या वर्षी अजून नीट टाकीन.

आणि तो चौथीतला मुलगा? थंडीत मी वर्गाला घेऊन लासूरला गेलो. लासूर आमच्याच तालुक्यात. तिथे यादवांच्या काळातलं, सुमारे तेराव्या शतकातलं आनंदेश्वराचं दगडी मंदिर आहे. हेमाडपंती धाटणीचं. दगडावर दगड असा बेतून बसवला आहे, की चुन्याची गरज नाही. इथे कमान नाही, खांबांवर आडव्या दगडी तुळया. मंडपात मधोमध छत उघडं आहे, वर आभाळ दिसतं. कोल्हापूरकडे खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातही असाच उघडा मंडप आहे, त्याला स्वर्गमंडप म्हणतात.

पोरं खाली उताणी झोपून आभाळ बघू लागली. मी त्यांना सांगितलं, "इटलीच्या रोम शहरात पँथिऑन नावाचं देऊळ आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचं. त्याच्या घुमटालाही माथ्यावर असंच गोल भोक आहे, जवळपास ९ मीटर रुंद. पाऊस आला की थेट आत पडतो, आणि फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातो. आणि तो ४३ मीटर रुंदीचा घुमट कशाचा आहे, ठाऊक आहे? काँक्रीटचा! ज्वालामुखीची राख आणि चुना घालून केलेला. पोटात एकही सळई नाही. घुमटाचा आकारच असा, की भार बहुतेक दाबाचाच पडतो, आणि माथ्याकडे त्यांनी हलका दगड वापरला."

म्हणजे बघा, मुलांनो. ज्याला आपण नवं म्हणतो ते काँक्रीट रोममध्ये एवढं जुनं! आणि ज्याला आपण जुनाट म्हणतो ती मातीची भिंत मे महिन्यात सर्वांच्या पुढे!

तो मुलगा आभाळाकडे बघत म्हणाला, "सर, मंग इटलीतल्या पोट्ट्याइले आपलं लासूर माईत असन का?"

याही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण या वेळी मी फळ्याकडे वळलो नाही. म्हटलं, "आधी तू तर नीट बघ. मग तूच त्यांना सांग."

आता तुम्हाला एक काम. तुमच्या गावात एक जुनी इमारत शोधा आणि एक नवी. वाडा असेल, वेस असेल, शाळा असेल, पाण्याची टाकीसुद्धा चालेल. दोघींच्या मध्ये उभं राहा. तीन प्रश्न विचारा. कशाची? कशी उभी? अशी का? उत्तर मिळालं नाही, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि आईबाबांनो, तुमच्या घराच्या मयाली कुठून आल्या, ते मुलांना आजच सांगा. सांगणारं माणूस असतं तोवरच ते कळतं.

हो, एक सांगायचं राहिलं. आमच्या नव्या घराच्या दारावर लेकीनं वहीतली ती ऐटदार अक्षरं वापरून नाव रंगवलं आहे. समोर ओसरीत आजी बसलेली दिसते ना, म्हणून घराचं नाव,

'आजी व्ह्यू'!